भीमेच्या पाण्यावर उतरलेले पाहुणे

दरवर्षी एक जानेवारीला कोरेगाव भीमा येथील विजयस्तंभाला मानवंदना देण्यासाठी सोलापुरातून गाड्या भरभरून जातात. टेम्पो, जीप, एस.टी., ज्याला जे मिळेल ते. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी आपण पुणे-सोलापूर रस्त्याने परततो. भिगवण मागे पडते, इंदापूर मागे पडते, भीमानगरला उजनी धरणाची भिंत येते आणि जाते, आणि गाडीतली निम्मी मंडळी एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली असतात. कोरेगावला आपण जी भीमा पाहिली तीच इथे अडून समुद्रासारखी पसरली आहे. नेमक्या त्याच दिवसांत तिच्या काठावर हिमालय ओलांडून आलेले हजारो पक्षी उतरलेले असतात. आपल्यातल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक आहे.

वाचकहो, हे पाहुणे कोण आणि ते कुठे पाहावेत, याची माहिती या वेळी आपल्या कौटुंबिक पानासाठी देत आहोत. पक्षी पाहणे हा दुर्बीणवाल्यांचा आणि मोटारवाल्यांचा छंद, असा एक समज आपल्या वस्त्यांतून आहे. तो मनातून काढून टाकावा. पक्षी पाहायला लागते ती पहाटे उठण्याची तयारी, आणि पहाटे उठणे आपल्या माणसांना कोणी शिकवायला नको. शहर झोपेत असताना रस्ते झाडणारे हात आपलेच आहेत.

पाहुण्यांत सर्वांत देखणा म्हणजे कांड्या करकोचा. आपल्याकडे लांब पायांचा कोणताही पक्षी दिसला की लोक त्याला करकोचा म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. म्हणून खुणा नीट सांगतो. अंगाचा रंग राखाडी. डोके आणि मान काळी, आणि मानेखालची काळी पिसे छातीवरून खाली लोंबतात, जणू गळ्यात काळा मफलर टाकला आहे. डोळा लालभडक. डोळ्यामागून पांढऱ्या पिसांचा तुरा मागे गेलेला. उंची साधारण तीन फूट, वजन दोन ते तीन किलो, आणि पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फुटांहून जास्त. जगात क्रौंच कुळातल्या पंधरा जाती आहेत, त्यांत हा सर्वांत लहान. इंग्रजीत त्याला डेमॉइझेल क्रेन म्हणतात, हिंदीत करकरा, राजस्थानात कुरजां. करकरा हे नाव त्याच्या आवाजावरून पडले असावे. थवा डोक्यावरून जातो तेव्हा घशातून निघणारा तो क्रूर्र-क्रूर्र आवाज एकदा ऐकला की पुन्हा ओळखायला चूक होत नाही.

बगळ्यापासून त्याला वेगळे काढायची युक्ती सोपी आहे. बगळा उडताना मान दुमडून घेतो. करकोचा मान सरळ पुढे ताणतो आणि पाय सरळ मागे. आमच्या विहारातल्या लहान मुलांना ही एक खूण सांगितली, तर दोन तासांत ती मोठ्यांच्या चुका काढू लागली.

आता त्याचे गाव कोणते ते पाहू. मंगोलिया, कझाकस्तान, रशियाचा दक्षिण भाग आणि चीनचा उत्तर भाग, तिथल्या गवताळ मैदानांवर उन्हाळ्यात हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, बहुधा दोन. हिवाळ्यात ती सारी भूमी बर्फाखाली जाते, दाणा मिळत नाही, किडा मिळत नाही. म्हणून पोटासाठी बाहेर पडायचे. मंगोलियापासून आपला सोलापूर जिल्हा सरळ रेषेत मोजला तरी चार हजार किलोमीटरच्या आसपास आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा कामासाठी मुंबई-पुणे गाठणाऱ्या माणसाला हे स्थलांतर वेगळे समजावून सांगायला नको.

वाटेत हिमालय आहे. नेपाळमध्ये अन्नपूर्णा आणि धौलागिरी या आठ हजार मीटरहून उंच शिखरांच्या मधून काली गंडकी नदीचे खोल खोरे जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरात करकोच्यांचे थव्यामागून थवे या खोऱ्यावरून दक्षिणेकडे येतात. वर हवा विरळ, वारा समोरून. कधी कधी अर्धी चढण चढून थव्याला माघारी फिरावे लागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा लागतो. सोनेरी गरुड टपलेले असतात. ते थव्यातल्या थकलेल्या किंवा मागे पडलेल्या पक्ष्याला बाजूला काढतात आणि झडप घालतात. थव्यात राहील तो बहुधा वाचतो.

हे खोरे उतरून दक्षिणेकडे आले की मैदान लागते, आणि त्या मैदानात लुंबिनी आहे. नकाशा उघडून पाहा, काली गंडकीचे वरचे खोरे लुंबिनीच्या जवळजवळ सरळ उत्तरेला येते. आम्ही हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवले. तथागतांच्या जन्मभूमीचे आकाश ओलांडून येणाऱ्या वाटेवरचे पक्षी आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या रानात उतरतात, हे ऐकल्यावर एका आजीने हात जोडले. आम्ही आजींना सांगितले की यात चमत्कार काही नाही, आणि चमत्कार नाही म्हणूनच ते जास्त नवलाचे आहे. करकोच्याच्या पिल्लाला ही वाट जन्मतः पाठ नसते. पहिल्या वर्षी ते आई-बापांबरोबर उडते, कुठे उतरायचे, कुठे पाणी, कुठे धोका, हे बघून शिकते. सारा हिवाळा ते कुटुंब एकत्र राहते. आपल्याकडच्या थव्यात नीट पाहिले तर दोन मोठे आणि त्यांच्यामध्ये एखाद-दुसरे फिकट रंगाचे, तुरा पुरता न फुटलेले पिल्लू दिसते. वाट शिकवली जाते म्हणून टिकते. थवा बाणाच्या टोकासारखा रांग धरून उडतो त्यालाही कारण आहे. पुढच्याच्या पंखांनी हलवलेल्या हवेचा आधार मागच्याला मिळतो, त्याचे श्रम वाचतात. पुढचा दमला की मागे येतो, दुसरा पुढे होतो.

सोलापूरकरांनी सुरुवात घराजवळच्या हिप्परग्यापासून करावी. तुळजापूर रस्त्यावर शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर एकरुख तलाव आहे, त्यालाच हिप्परगा तलाव म्हणतात. अदिला नदीवर इंग्रजांच्या अमलात मातीचा बांध घालून तो बांधला, १८७१ च्या सुमारास पुरा झाला. सोलापूरच्या नळाला यातूनही पाणी येत आले आहे. इतिहासाच्या पुस्तकात धरणाला इंग्रज इंजिनियरचे नाव असते. पण मातीचा बांध म्हणजे डोक्यावरून वाहिलेल्या पाट्यांचा बांध, हे तिथे उभे राहिले की आपल्या लोकांना लगेच कळते.

आम्ही चार-पाच घरची माणसे गेलो ती जानेवारीत, एका रविवारी. निघताना काळोख होता. बायकांनी रात्रीच कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पिठले बांधून घेतले होते. फाट्यावर उतरून काठाकडे चालत गेलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि काहीच दिसत नव्हते, नुसते आवाज. ऊन वर आले तसा पडदा उचलल्यासारखा तलाव उघडला. उथळ पाण्यात पट्टकादंबांचा थवा होता. हा बदकापेक्षा मोठा, हंसाच्या जातीचा पक्षी. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकादंब. तोही तिबेट-मंगोलियातून हिमालय ओलांडून येतो, आणि उंच उडण्यात त्याची बरोबरी करणारे पक्षी जगात थोडे आहेत. हिप्परग्याला हा बऱ्याच वर्षांपासून येतो. करकोचे मात्र इथे हमखास दिसतील असे सांगता येत नाही. आम्हांला त्या दिवशी ते दिसले ते उडताना, तीसेक असतील, तलावावरून पलीकडच्या हरभऱ्याच्या रानाकडे गेले. तेवढ्यात सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि पिठले तसेच राहिले.

भरपूर करकोचे पाहायचे तर उजनी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. पाणी साठते ते सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे राज्यातल्या मोठ्या जलाशयांपैकी एक. फुगवट्याचा एक काठ पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, दुसरा आपल्या करमाळा तालुक्यात. भिगवण, कुंभारगावच्या बाजूला नाव झाले आहे, तिथे होड्या मिळतात, रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची गर्दी असते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, उंच गुलाबी पायांचा, वाकड्या चोचीचा. ही जात कच्छच्या रणात चिखलाची घरटी करते. होडीत बसायचे असेल तर दर आधी ठरवून घ्यावा आणि होडीवाल्याला पक्ष्यांच्या अंगावर होडी घालायला सांगू नये. थवा उडाला की फोटो चांगला येतो, पण त्या बिचाऱ्यांची खाण्याची वेळ जाते.

आमचे मत विचाराल तर करमाळ्याची बाजू बरी. सोलापूर-पुणे लोहमार्गावर जेऊर, वाशिंबे, पारेवाडी ही स्टेशने या भागातली. केत्तूर, कोंढार चिंचोली अशी गावे काठाला लागून आहेत. इथे गर्दी कमी, बोलणारी माणसे जास्त. शेताच्या बांधावरून चालत गेले की पाण्याची कड येते. सकाळी करकोचे ज्वारीच्या, तुरीच्या, हरभऱ्याच्या रानात दाणे टिपतात, दुपारी ऊन तापले की पाण्यावर येतात, पाणी पितात, अंग साफ करतात, आणि रात्री घोटाभर पाण्यात एका पायावर उभे राहून झोपतात. कोल्ह्या-कुत्र्याची चाहूल पाण्यातून लगेच लागते, म्हणून पाण्यात झोपायचे.

शेतकऱ्याची बाजूही ऐकावी. दाण्यावर आलेल्या रानात पाचशे करकोचे उतरले तर त्याला आनंद होणार नाही, आणि तो डबा वाजवून हाकलतो यात त्याचा दोष नाही. काही जण हसून म्हणाले, पाहुणे आहेत, चार दाणे खाऊन जातील. राजस्थानात फलोदीजवळ खीचन नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी गेल्या पन्नास वर्षांत या पक्ष्यांसाठी रोज दाणे टाकायची प्रथा पाडली, आणि आता हिवाळ्यात तिथे हजारोंनी कुरजां जमतात. २०२५ साली खीचनला रामसर पाणथळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात प्लॅट नदीवर याच कुळातले सँडहिल करकोचे दर मार्चमध्ये लाखांनी उतरतात आणि ते पाहायला लोक देशभरातून येऊन पहाटेच्या थंडीत लपून बसतात. आपल्याला विमान नको, पॅसेंजर पुरते.

उजनीची गोष्ट सांगताना एक राहून जाऊ नये. त्या पाण्याखाली गावे आहेत. धरण झाले तेव्हा भीमाकाठची अनेक गावे उठली, त्यांत गावकुसाबाहेरची वस्तीही उठली. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांचे दुःख कागदावर आले, ज्यांच्या नावावर काहीच नव्हते त्यांचे फारसे आले नाही. काठावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हांला हात लांबवून पाण्यात दाखवले की आमचा वाडा तिथे होता, तिथे चिंच होती. त्यांच्या बोटाच्या रेषेत बरोबर करकोचे उभे होते. बाबा म्हणाले, आमच्या लहानपणीही हे यायचे, नदीच्या वाळूवर उतरायचे.

पाण्याचा हिशेब पक्ष्यांनाही आहे. करकोच्याला आणि रोहिताला खोल पाणी चालत नाही, चिखल आणि उथळ कड लागते. पाऊस चांगला होऊन धरण तुडुंब भरले की काठ बुडालेलाच राहतो, आणि पाहुणे उशिरा येतात किंवा दुसरीकडे जातात. म्हणून निघण्यापूर्वी वर्तमानपत्रात उजनीचा साठा पाहून घ्यावा, कड उघडी पडू लागली की जावे. उलट २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता, म्हणजे वापरायचे पाणी संपून तळाचे उपसले जात होते. जुनी देवळे आणि भिंती उघड्या पडल्या. पाणी कोणाला, किती आणि कोणी ठरवायचे, हा प्रश्न उसाचा आहे, शहराच्या नळाचा आहे, तसा या पक्ष्यांचाही आहे. त्यांना कोणत्याच बैठकीला बोलावत नाहीत.

पाण्याच्या काठावर उभे राहिले की आपल्या माणसाला महाड आठवते. बाबासाहेब १९२७ च्या एक जानेवारीला कोरेगावच्या स्तंभापाशी आले आणि त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत, पाखरे पाणी पीत, त्यांना कोणी अडवत नव्हते. मनाई होती ती आपल्याला. सार्वजनिक तलाव म्हणजे काय हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी मोल देऊन शिकले, त्या घरातल्या लेकरांनी तलावावर दिवस काढायला आपण पाहुण्यासारखे संकोचून का जावे? हिप्परगा आपला आहे, उजनी आपली आहे. पक्ष्यांच्या नावांचे ज्ञानही काही वरून आलेले नाही. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले आणि २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरातच निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्षीकोश लिहिला. जंगलात नोकरी करताना आदिवासींकडून, कोळ्यांकडून, फासेपारध्यांकडून त्यांनी पाखरांची नावे आणि सवयी टिपून घेतल्या. ज्यांना अडाणी म्हटले त्यांनाच हे सारे माहीत होते.

आमच्याबरोबरच्या एका पोराच्या खिशात बेचकी निघाली. मारले नाही, रागावलोही नाही. झाडाखाली भाकरी खाताना बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातला प्रसंग सांगितला. देवदत्ताच्या बाणाने पाखरू पडले. सिद्धार्थाने बाण काढला, जखम धुतली, ऊब दिली. देवदत्त म्हणाला, मी पाडले, म्हणून माझे. सिद्धार्थाने दिले नाही. वाद निवाड्याला गेला आणि निवाडा सिद्धार्थाच्या बाजूने झाला, कारण राखणाऱ्याचाच हक्क खरा ठरला. रामायणाच्या आरंभीही पारध्याने क्रौंच मारल्याची कथा आहे. तिथे ऋषीने पारध्याला शाप दिला. सिद्धार्थाने शाप दिला नाही. त्याने पाखराला बरे केले आणि न्याय मागितला. आमच्या मुलांना हा फरक पटकन कळला. एकीने विचारले, मग ते पाखरू नंतर उडाले का? पोराने बेचकी आजीच्या पिशवीत टाकली ती घरी पोहोचेपर्यंत मागितली नाही.

हे सांगायचे कारण असे की पाहुण्या पक्ष्यांची शिकार अजून पुरती थांबलेली नाही. जाळी लावतात, दाण्यात औषध कालवतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. कोठे असे दिसले तर वनखात्याला कळवावे, आणि आपल्या वस्तीत कोणी रानपाखराचे मटण स्वस्तात विकायला आणले तर दारातूनच परत पाठवावे. आपल्या जिल्ह्याने एक पक्षी जवळजवळ गमावला आहे. नान्नजच्या माळरानावर माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. तो पक्षी इथलाच, कुठून येणारा नव्हे. आज तिथे महिनोन् महिने फिरले तरी एखादा दिसला तर बातमी होते. माळ नांगरला गेला, माळ विकला गेला, तारा आल्या, कुत्री वाढली, आणि नावाचा फलक उरला.

जाणाऱ्यांसाठी थोडे. करकोचे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात आणि मार्च उजाडला की परतीला लागतात, तेव्हा डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे किंवा चार वाजल्यानंतर काठावर असावे. अंगावर भडक रंगाचे कपडे नकोत, मळकट बरे. मोबाइलवर गाणी लावू नयेत, ड्रोन तर मुळीच नको, थवा घाबरून उठतो. दोन-अडीचशे पावलांवरूनच पाहावे. पक्ष्यांनी चरणे थांबवून मान वर केली की आपण पुढे सरकणे थांबवावे. दुर्बीण नसली तरी अडत नाही, पण विहाराने वर्गणी काढून एक साधी घेतली तर वस्तीतल्या साऱ्यांना वर्षानुवर्षे पुरेल. आम्ही या वर्षी तेच करत आहोत. काठाचा चिखल वरून सुकलेला दिसतो आणि आत पाय गुडघाभर जातो, लहान मुलांचा हात सोडू नये. पिण्याचे पाणी घरून न्यावे. खाल्ल्यानंतरचा कागद, पिशवी परत आणावी. शेतातून जाताना मालकाला विचारून जावे, बहुतेक वेळा तो हुरडाही देतो.

हिप्परग्याला तुळजापूरच्या गाडीने जाता येते, मात्र ती फाट्यावर थांबते का हे कंडक्टरला चढतानाच विचारावे. पारेवाडी किंवा जेऊरला पॅसेंजर कोणती थांबते हे सोलापूर स्टेशनच्या चौकशीत एक दिवस आधी विचारून ठेवावे, कारण वेळा बदलत असतात. आणि कोरेगावहून परतताना सारी गाडी तयार असेल तर दोन जानेवारीचा सूर्योदय भिगवणच्या आसपास उजनीच्या काठावर गाठावा. ड्रायव्हरलाही तासभर झोप मिळते.